शेवटची पाळी कधी आली होती?

माझा अंबाडा त्याच्या मुठीत होता. जाळी, पिना, केस, सगळं एकाच मुठीत. एक्स-रेच्या खोलीतून त्यानं मला तसंच ओढत व्हरांड्यात आणलं. माझी एक चप्पल आतच राहिली. बाकांवर पेशंट बसले होते. हात गळ्यात बांधलेले, कुबड्या घेतलेले, लेकरू मांडीवर घेतलेल्या बाया. सगळे बघून राह्यले होते. कुणी उठलं न्हाई.

पहिली चापट डाव्या कानावर बसली. तिचा आवाज आला न्हाई. उलट सगळे आवाज बंद झाले. मंग कानात शिट्टी सुरू झाली, आणि त्या शिट्टीच्या पलीकडून तो ओरडत होता.

"काय विचारलंस माझ्या बहिणीला? परत बोल. सगळ्यांसमोर बोल."

मागून त्याची काकू आली. "तिच्या छातीवरची पट्टी वाच. आडनाव वाच. मंग कळंल कोण हाय ती."

त्यानं वाचलं. पट्टी धरून ओढली. पिनेनं युनिफॉर्म फाटला, खालची कातडी पण फाटली.

"महारडे, तू आमच्या घरच्या पोरीला पाळी विचारतीस?"

हा शब्द मी आहे तसा लिहिते. पोलिसांना पण तसाच लिहून दिला. असला शब्द गोड करून लिहिला की फायदा मारणाऱ्याचा होतो.

मी नर्स आहे. माहेर तीर्थपुरीकडचं. बाप सालगडी. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि शिकायचं म्हणजे शिकायचंच, ह्यावर वाद न्हाई. मी शिकले. जालन्यात हाडांच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात लागले. नाव लिहीत न्हाई, केस चालू आहे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधले भाजलेले, चेचलेले लोक तिथं यायचे. रस्त्यावर टेम्पोनं उडवलेले यायचे. दिवसभर एक्स-रे. आमच्याकडं त्याला फोटोच म्हणतात. 'कमरेचा फोटो काढला', 'मानेचा फोटो काढला'. जसं काही लग्नातला फोटो.

त्या फोटोबद्दल नर्सला काय माहीत असतं? काही न्हाई. खरं सांगते. नर्सिंगच्या पुस्तकात किरणांचा धडा होता. मॅडम म्हणल्या, "परीक्षेला येत न्हाई, सोडून द्या." आम्ही सोडून दिला. दवाखान्यात आले तर तिथं कुणालाच काही माहीत न्हाई. एक सिस्टर लहान लेकरांना मशीनखाली उघड्या हातानं धरून ठेवायची. शिशाचा एप्रन खुंटीवर लटकलेला, आणि ही म्हणायची, "आपल्याला काय होतंय?" दुसरीला वाटायचं, फोटो काढल्यावर पेशंटच्या अंगातून किरणं बाहेर पडत राहतात. म्हणून ती त्याला हातच लावायची न्हाई. मी तिला समजावून सांगितलं, मशीन बंद झालं की किरणं संपली. तिला पटलं न्हाई. माणसाला हात न लावायची सवय आपल्याकडं जुनीच आहे, त्याला कारण कोणतंही चालतं.

मी स्वतःहून शिकले, ते माझ्या आक्कामुळं.

आक्का माझी थोरली बहीण. एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत रोजंदारीवर जायची. गोण्या उचलून कंबर धरली. दवाखान्यात गेली, फोटो काढला. काढणाऱ्यानं विचारलं न्हाई, नर्सनं विचारलं न्हाई. पुढं कळलं की त्या वेळी तिला दिवस गेल्ते. लग्नानंतरचं पहिलंच. तिथल्याच नर्सनं तिला घाबरवलं. "लेकरू फोटोत सापडलं. आता ते पांगळं निघंल. पाडून टाक." आक्कानं पाडलं. रडत गेली आणि पाडून आली.

मी नर्सिंगला असताना एका डॉक्टर मॅडमना हे विचारलं. त्या म्हणल्या, "एवढ्या एका एक्स-रेनं लेकरू पांगळं होत न्हाई गं. पाडायची काहीच गरज न्हवती. पण काढायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. थांबता आलं असतं, दुसरी तपासणी करता आली असती." सुट्टीत घरी गेले आणि आक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला न्हाई तिचा.

"म्हंजी कुणी नुसतं विचारलं असतं तर?"

बस. एवढंच म्हणली. तिला नंतर दोन लेकरं झाली. कुणी विचारलं तर ती तीन सांगते.

म्हणून मी विचारायचे. न चुकता, वयात आलेल्या प्रत्येक बाईला, फोटोच्या आधी, दार लावून, पुरुषांना बाहेर काढून, हळू आवाजात. शेवटची पाळी कधी आली होती? गावाकडच्या बाया लाजायच्या. काही हसायच्या. "माझं वय बघ की बाई," म्हणायच्या. काही एकदम गप्प व्हायच्या, मंग हळूच सांगायच्या. त्यांना कुणी विचारलंच न्हवतं कधी.

आणि हे माझ्या मनचं न्हवतं. सरांनीच, म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दवाखान्याच्या तपासणीला लोक येणार होते तेव्हा सरांनी सगळ्या नर्सना हॉलमध्ये बसवलं आणि बोट हलवून सांगितलं, "पाळी विचारल्याशिवाय एकाही बाईचा एक्स-रे न्हाई. लक्षात ठेवा." भिंतीवर तशी पाटी लावली. तपासणी झाली, लोक गेले. बाकीच्या विसरल्या. पाटीवर धूळ बसली. मी विचारतच राह्यले.

त्या दिवशी सकाळी ती पोरगी आली. एकोणीस-वीस वर्षांची असंल. घर भोकरदनकडचं, जमीनदार, तालुक्याला दुकान. स्कूटीवरून पडली म्हणून सांगितलं. सोबत भाऊ, काकू आणि बाप. बापाला सगळे अण्णा म्हणत होते. अण्णांनी सरांना आधीच फोन केल्ता, म्हणून रांग न्हाई, नंबर न्हाई. स्ट्रेचर सरळ आत. सरांनी कंबर दाबून बघितली, पोरगी कळवळली. "कमरेचा एक्स-रे करा जल्दी," म्हणले आणि त्यांच्या केबिनमध्ये अण्णांना चहा पाजायला गेले.

कमरेच्या फोटोत गर्भपिशवी मधोमध येते. तिला झाकता येत न्हाई.

मी भावाला म्हणले, "दादा, बाहेर थांबा." त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं त्याच्या वाड्यातल्या बैलानं त्याला थांब म्हणलं. पण गेला. काकू हलत न्हवती. "काकू, तुम्ही पण. किरणं असतात आत." ती गेली, पण दार तिनं पूर्ण लावलं न्हाई. ते मला दिसलं न्हाई. टेक्निशियन काचेच्या मागं मशीन लावत होता.

मी पोरीच्या कानाशी वाकले. म्हणले, "बाळा, हे मी सगळ्यांनाच विचारते. शेवटची पाळी कधी आली होती? पोटात काही असंल तर ते आधी कळलं पाहिजे. माझ्यापाशी सांगितलेलं माझ्यापाशीच राहतं."

तिनं माझं मनगट धरलं. गार हात. आणि तिनं उत्तर दिलं.

काय उत्तर दिलं, ते मी इथं लिहिणार न्हाई.

तेवढ्यात दार उघडलं. काकूनं माझा प्रश्न ऐकला होता. उत्तर ऐकायला मिळालं न्हाई तिला. ती तशीच फिरली आणि व्हरांड्यात बोंबलली. "अरे बघ रे, ही काय विचारून राह्यली पोरीला! पोटात काय हाय म्हणती!" मंग तो आत आला. मंग माझा अंबाडा त्याच्या मुठीत.

व्हरांड्यात चापट, आडनाव, शिवी, हे वर सांगितलं. त्याच्यानंतर त्याचा प्रश्न बदलला. माझ्या लक्षात यायला एक-दोन फटके जावे लागले. आधी तो ओरडत होता, तू काय विचारलंस. आता तो माझा चेहरा स्वतःच्या तोंडाजवळ ओढून हळू आवाजात विचारत होता.

"ती काय म्हणली?"

मी बोलले न्हाई. त्यानं डोकं भिंतीवर आपटलं.

"ती काय म्हणली तुला? सांग. सांगितलं की सोडतो."

दार उघडंच होतं. आत टेबलावर ती पडलेली. ती माझ्याकडं बघत असणार. मी तिच्याकडं बघितलं न्हाई. मुद्दाम न्हाई बघितलं. माझ्या डोळ्यांत त्यानं काही वाचलं असतं तर?

आता तुम्ही म्हणाल, ती 'तसलं काही न्हाई' म्हणली असती तर सिस्टरनं सांगून मोकळं व्हावं की. सांगितलं न्हाई, म्हणजे काहीतरी होतंच. थांबा. हाच विचार त्या माणसाच्या डोक्यात होता. आणि ह्याच्यासाठीच सांगायचं न्हाई. आज मी एकीचं 'न्हाई' सांगून सुटले, तर उद्या दुसरीच्या बाबतीत माझं गप्प बसणं म्हणजेच 'हो' होतं. मंग तिला मारायला माझ्या तोंडाची पण गरज राहत न्हाई. म्हणून 'हो' पण सांगायचं न्हाई, 'न्हाई' पण सांगायचं न्हाई. कुणाचंच न्हाई. कधीच न्हाई. हे मला कुणी शिकवलं न्हवतं. भिंतीला डोकं टेकलेलं असताना हे मला कळलं.

आणि अजून एक कळलं. मी नुसतं गप्प राहिले तर हा माणूस मला सोडंल आणि आत जाईल. तिच्याकडं. कमरेनं उठता येत न्हाई अशा पोरीकडं. त्याचा राग माझ्यावरच राहिला पाहिजे.

म्हणून मी ओरडले. व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

"सगळ्याच बायांना विचारते मी! तुमच्या काकूचा फोटो काढायचा असता तर तिलाबी विचारलं असतं! तुमच्या बायकोलाबी विचारीन! तुमच्या आईलाबी विचारलं असतं!"

झालं. आईचं नाव निघालं. तो बहिणीला विसरला.

पोटात लाथ बसली. मी पाण्याच्या कूलरवर पडले, कूलर माझ्यावर पडला. फरशीवर पाणी आणि त्यात माझं नाकाचं रक्त. त्यानं पाठीत मारलं, मांडीवर मारलं. बूट होते पायात. मी पोट धरून गोळा झाले आणि दात आवळून एकच मनात म्हणत होते, मार, इथंच मार, आत जाऊ नको. काकू बाजूला उभी राहून सांगत होती, "तोंडावर दे तिच्या, लई चालतंय तिचं तोंड." काचेच्या मागं टेक्निशियन उभा होता. त्याचा चेहरा मला दिसत होता. काच जाड असते ती. किरणं अडवायला.

सर आले. मला वाटलं, आता संपलं.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, शांत व्हा. तुमचा माणूस आहे मी. आत चला, अण्णांसमोर मिटवू." मंग माझ्याकडं न बघता मला म्हणले, "ऊठ. केबिनमध्ये ये."

मी उठले. एका पायात चप्पल. कान वाजत होता. मी सरांच्या मागं गेले. का गेले, माहीत न्हाई. सर बोलले की जायचं, ही सवय.

केबिनमध्ये अण्णा खुर्चीवर बसले होते. पांढरे कपडे, हातात चहाचा कप. ते ओरडले न्हाईत. ओरडायची त्यांना गरजच न्हवती. माझ्याकडं बघून म्हणले, "पोरीची जात हाय. चुकली असंल. धर पाय, आन् जा कामाला."

मी सरांकडं बघितलं. म्हणले, "सर, तुम्हीच सांगितलं होतं. पाळी विचारल्याशिवाय फोटो न्हाई. पाटी आहे भिंतीवर."

सर हसले. अण्णांकडं बघून हसले. "मी? असलं घाणेरडं मी विचारायला लावीन का, अण्णा? ह्या लोकांना काय बोलावं, कुठं बोलावं, कळत न्हाई. घरचं वळण."

ह्या लोकांना. त्यांच्याच ऑपरेशनच्या टेबलावर मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. रात्रंदिवस त्यांचे पेशंट उठवले, बसवले, पुसले. त्यांच्या हातात सुरी दिली. ह्या लोकांना.

"माफी माग आणि विषय संपव," सर म्हणले. आणि माझ्या मानेवर हात ठेवला.

हात जड होता. हाड जागेवर बसवणारा हात. त्यांनी दाब दिला. माझं डोकं खाली जाऊन राह्यलं होतं. अण्णांचे बूट जवळ आले. काळे, पॉलिश केलेले, टाचेला वाळलेली काळी माती. ती माती मी ओळखते. माझ्या बापाच्या पायाला जन्मभर तीच माती. त्याला बूट न्हवते, एवढाच फरक.

मी खाली गेले न्हाई.

कसं झालं सांगता येत न्हाई. मी खांदा वळवून सरांचा हात झटकला, ते मागं टेबलावर गेले, कप फुटला, चहा अण्णांच्या धोतरावर सांडला. मी सरळ उभी राहिले.

"विचारलं ते बराबर विचारलं," मी म्हणले. "परत विचारीन. माफी तुम्ही मागा. तिघं पण."

सरांच्या टेबलावर प्लास्टिकचा मणका असतो, पेशंटला समजावून सांगायला. भावानं तो उचलला आणि माझ्या खांद्यावर घातला. तुकडे झाले त्याचे. दुसरा फटका मारायला त्यानं हात उचलला तेव्हा मी तो हात धरला आणि चावले. मनगटाखाली. सोडलं न्हाई. तो ओरडत होता, सर माझे केस ओढत होते, मी सोडलं न्हाई. तोंडात रक्त आलं. त्याचं का माझं, माहीत न्हाई. आयुष्यात मी कुणाला बोट लावलं न्हवतं. मला वाईट वाटलं न्हाई. आजही वाटत न्हाई.

केबिनचं दार झाडूवाल्या मावशीनं उघडलं. सताड उघडलं आणि भिंतीला लावून धरलं. नुसतं उघडं धरलं, म्हणजे व्हरांड्यातल्या सगळ्यांना आतलं दिसावं. अण्णा उठले, धोतर झटकलं. लोकांसमोर मारायचं त्यांना चाललं होतं, लोकांसमोर चावून घ्यायचं चाललं न्हाई. "चल रे," म्हणले पोराला. स्ट्रेचर आलं तसं गेलं. फोटो निघालाच न्हाई. पोरीनं तोंडावर ओढणी घेतली होती.

मावशी माझी चप्पल घेऊन आली. "कुठं जायचं?" तिनं विचारलं. मी म्हणले, "पोलिसात." तिनं फाटलेल्या युनिफॉर्मवर स्वतःच्या पदराचा अर्धा भाग धरला आणि आम्ही चालत गेलो.

ठाण्यातला साहेब आधी म्हणला, "दवाखान्यातलं भांडण दवाखान्यातच मिटवा." मंग म्हणला, "ॲट्रॉसिटी कशाला, साधी मारहाण लिहू." मी म्हणले, "शिवी पण दिली, मार पण दिला. दोन्ही लिहा." मी बाकावरून उठले न्हाई. शेवटी त्यानं पेन घेतलं.

"नेमकं काय विचारलं तुम्ही त्या मुलीला?"

"शेवटची पाळी कधी आली होती."

पेन थांबलं. आजूबाजूचे शिपाई खाली बघायला लागले.

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा. ह्याच्यासाठी मारलं मला. मंग लाज मला कशाची?"

त्यानं लिहिलं. मंग वर न बघता विचारलं, "आणि तिनं काय सांगितलं?"

"ते लिहायचं न्हाई," मी म्हणले.

तिथून सरकारी दवाखान्यात. कानाचा पडदा फाटला होता. खांद्याचा फोटो काढायचा होता, कमरेचा पण. लाथा बसल्या होत्या. तिथली नर्स कोवळी, नवीन लागलेली असणार. तिनं मला टेबलावर झोपवलं, सरळ केलं आणि बाहेर निघाली. काही न विचारता. मी तिला हाक मारली.

"सिस्टर, मला विचारायचं राहिलं."

"काय?"

मी सांगितलं काय विचारायचं ते. का विचारायचं ते पण सांगितलं. ती माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघत राहिली. मंग दार लावून आली, जवळ वाकली, आणि चाचरत, हळू आवाजात तिनं मला विचारलं.

मार खाताना मी रडले न्हवते. पोलिसात रडले न्हवते. तेव्हा रडले. मला पण आयुष्यात कुणी कधी विचारलं न्हवतं.

पुढं काय झालं? जे होतं तेच झालं. माझी नोकरी गेली. मी चावले म्हणून भावानं माझ्यावर उलटी केस केली. सरांनी लिहून दिलं की माझी वागणूक पहिल्यापासूनच बरी न्हवती. टेक्निशियननं सांगितलं, "मी मशीन लावून राह्यलो होतो, मला दिसलं न्हाई." भिंतीवरची पाटी काढली. तिथं आता कुठल्यातरी देवाचा फोटो आहे, असं मावशी सांगते. मावशीनं साक्ष दिली, तिला पण काढलं.

पोलीस त्या पोरीच्या घरी गेल्ते जबाब घ्यायला. ती म्हणली, "मला काही आठवत न्हाई." मला तिचा राग आला न्हाई. त्या घरात बसून ती दुसरं काय म्हणणार होती? तिचं लग्न झालं, लांब कुठंतरी दिलं. ती जिवंत आहे. तेवढी बातमी मी इकडून तिकडून काढली. केस होती म्हणून त्या घरात पोलिसांचं येणंजाणं राहिलं, आणि येणंजाणं होतं म्हणून त्यांनी हात आवरला असंल, असं मला वाटतं. खरं काय ते तिलाच माहीत.

मिटवायला माणसं आली. आमच्या घरी, तीर्थपुरीला. गाडीतून उतरली, बापाला हात जोडले. ज्या बापाला कधी कुणी बाजेवर बसू दिलं न्हवतं, त्याला हात जोडले. "दोन्ही घरच्या लेकींची इज्जत आहे. पोरीला चांगल्या दवाखान्यात लावून देतो. केस मागं घ्या." मंग उठता उठता एक जण म्हणला, "कोर्टात आमचा वकील लई खोदून विचारतो. बाईमाणसाला झेपत न्हाई."

माय घाबरली. मला म्हणली, "दे सोडून. जीव वाचला ना."

आक्का तिथंच होती. ती कंपनीतून थेट गावी आल्ती, अंगावर बियाण्याला लावायच्या औषधाची लाल भुकटी तशीच. ती सहसा बोलत न्हाई. ती दारात गेली आणि त्या माणसांना म्हणली, "माझ्या बहिणीनं इचारलं म्हणून तुमच्या नाकाला मिरच्या लागल्या. मला कुणी इचारलं न्हाई, तवा माझं लेकरू गेलं. तवा कुठं व्हता तुम्ही? निघा."

ते निघाले. गाडीची धूळ अंगणात आली. बापानं बाज उचलली आणि आडवी दारात टाकली, आणि त्यावर बसला.

मी आता दुसरीकडं काम करते. कुठं ते सांगत न्हाई. पगार कमी आहे. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, म्हणून पेशंटच्या उजव्या बाजूला मी उभी राहत न्हाई, डावीकडं राहते, म्हणजे माझा चांगला कान तिच्या तोंडाकडं येतो. दार मी स्वतः ओढून बघते. कडी लागली का, ते बघते. बाहेर कोण आहे, बघते. तिथल्या नर्सना मी शिकवलं. दोघी-तिघी विचारतात आता. एक जण म्हणली, "ताई, तुमच्यासारखा मार पडला तर?" मी तिला खोटा धीर दिला न्हाई. म्हणले, "पडंल. तरी विचारायचं. आणि मार पडला तर ओरडायचं, पडून राहायचं न्हाई."

माझी साक्ष व्हायची आहे. वकील मॅडम परवा म्हणल्या, "तो समोरचा वकील तुम्हाला एकच गोष्ट विचारणार. ती मुलगी काय म्हणाली. कोर्टानं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. न्हाई दिलं तर त्याची शिक्षा असते, आणि तुमची केस पण ढिली पडू शकते. विचार करा."

मी विचार केला न्हाई. विचार त्या भिंतीशीच करून झाला आहे.

मी त्यांना सांगितलं, आणि कोर्टात पण हेच सांगीन. मार सगळा सांगीन. शिवी सांगीन, अक्षर न् अक्षर. लाथ कुठं बसली, ते उभी राहून दाखवीन. सरांचा हात मानेवर कसा होता, ते त्यांच्या समोर, त्यांच्याकडं बोट करून दाखवीन. मी चावले, ते पण सांगीन. त्याची काय शिक्षा असंल ती द्या.

त्या पोरीचं उत्तर सांगणार न्हाई. भावाला सांगितलं न्हाई, कोर्टाला पण न्हाई. त्याच्यासाठी आत टाकायचं असंल तर टाका. मी चालत येईन, मान खाली घालून येणार न्हाई.